रानात शिरलेले जनुक : भाकीत कोणाचे, भुर्दंड कोणाला?

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेच्या पूर्वेस, जेफरसन नावाचा एक कोरडा जिल्हा आहे. २००२ साली तेथे सुमारे चारशे एकरांवर एका गवताची लागवड करण्यात आली. गोल्फच्या मैदानावर गालिच्यासारखे पसरते ते बेंटग्रास नावाचे हे गवत. मात्र त्यात एका जिवाणूचे जनुक घातलेले होते. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले असता बाकीचे सारे गवत मरावे आणि हे तेवढे हिरवे राहावे, अशी ती योजना. राज्याच्या कृषिखात्याने सावधगिरी म्हणून भोवतालचा सुमारे अकरा हजार एकरांचा टापू नियंत्रण-क्षेत्र म्हणून आखून दिला होता. शिवाय गवताच्या बियाण्याचा ओरेगॉनमधील मोठा व्यवसाय ज्या विलामेट खोऱ्यात चालतो, ते खोरे पर्वताच्या पलीकडे, पुष्कळ दूर होते. लहान वाफ्यांवर पूर्वी झालेल्या प्रयोगांत या गवताचे परागकण काहीशे मीटरांपलीकडे फलधारणा करताना आढळले नव्हते. तेव्हा अकरा हजार एकरांचे कुंपण म्हणजे सावधगिरीची कमाल झाली, असे कोणालाही वाटावे.

२००३ च्या उन्हाळ्यात गवत फुलोऱ्यावर आले. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या अंतरांवर त्याच जातीच्या साध्या गवताची रोपे आधीच ठेवून दिली होती. परिसरात आपोआप वाढलेल्या गवताचेही बी त्यांनी गोळा केले. हे बी पेरून उगवलेल्या रोपांवर तणनाशक फवारले, तेव्हा त्यांतील काही मरेनात. तपासणीत त्यांच्यामध्ये ते नवे जनुक सापडले. बहुतेक उदाहरणे नियंत्रण-क्षेत्राच्या सीमेपासून दोन किलोमीटरांच्या आतली होती. परंतु मुद्दाम ठेवलेल्या रोपांच्या बाबतीत सर्वांत दूरचे अंतर निघाले २१ किलोमीटर, आणि आपोआप वाढलेल्या गवताच्या बाबतीत १४ किलोमीटर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापून ठेवलेले गवत वाऱ्याने उडाले व त्याचे बी कुंपणाबाहेर पडले, ते निराळेच. पुढे ही शेते मोडण्यात आली. तथापि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नियंत्रण-क्षेत्राबाहेरील २०,४०० नमुने तपासता नऊ झाडे या जनुकाची निघाली, आणि त्यांतील सर्वांत दूरचे झाड सीमेपासून ३.८ किलोमीटरांवर होते. नऊ म्हणजे काहीच नव्हे, असे म्हणता आले असते. पण लागवड थांबल्याला तीन वर्षे होऊन गेल्यावर शेतांच्या परिसरातीलच ५८५ झाडे दुसऱ्या एका अभ्यासात तपासली गेली, तेव्हा त्यांतील ६२ टक्के झाडे तणनाशकाला दाद न देणारी आढळली. २००७ साली अमेरिकी कृषिखात्याने संबंधित कंपनीला पाच लाख डॉलर दंड ठोठावला. कायद्यात त्याहून मोठ्या दंडाची तरतूद नव्हती.

या प्रकरणात कोणी दगावले नाही. हे गवत विषारी नाही. माणसांच्या वा गुरांच्या पोटात गेल्याने त्यांना अपाय झाल्याचीही तक्रार नाही. त्यामुळे जनुक-परिवर्तित पिकांच्या नावाने ज्या भयकथा सांगितल्या जातात, त्यांत ओरेगॉनच्या गवताला फारसे स्थान मिळाले नाही. आणि या पिकांचे जे भाट आहेत, त्यांनाही त्याची आठवण काढण्याचे कारण नाही. परंतु पिकातील जनुक त्याच्या रानातल्या भाऊबंदांत जाईल की नाही, गेल्यास किती, कोठवर आणि कोणत्या परिणामांसह, हे आधी सांगता येते काय, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी अभ्यासावे असे याहून चांगले उदाहरण नाही. भाकीत कोठे चुकले ते येथे स्वच्छ दिसते. आणि चुकीचा हिशेब कोणाच्या वहीत मांडला गेला, तेही दिसते.

भाकिताची साखळी

पिकांचा रानटी जातींशी संकर होणे ही जनुकशास्त्राने आणलेली नवी आपत्ती नव्हे. शेती जितकी जुनी, तितकाच हा व्यवहारही जुना आहे. नॉर्मन एलस्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली जगातील तेरा प्रमुख अन्नपिकांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी बारा पिकांचा जगात कोठे ना कोठे आपल्या वन्य सगोत्रांशी निसर्गतः संकर होतो, असे त्यांना आढळले. या संकरातून शेतकऱ्याच्या मागे नवी पीडा लागल्याचीही उदाहरणे आहेत. युरोपात साखरेच्या बीटचे बियाणे दक्षिणेकडे तयार होत असे. तेथील रानबीटचे पराग त्या शेतांत शिरले, आणि १९७० नंतरच्या काळात उत्तरेकडील बीटच्या मळ्यांत एकाच हंगामात फुलोऱ्यावर येऊन बी सांडणारे तणबीट माजले. पिकासारखेच दिसणारे आणि पिकाच्याच कुळातले हे तण उपटण्यात तेथील शेतकऱ्यांचे किती श्रम गेले असतील, याची कल्पना आपल्याकडील शेतकऱ्यास सहज यावी. त्या वेळी जनुक-परिवर्तित बीट अस्तित्वातच नव्हते.

तेव्हा ‘संकर होतो काय?’ या प्रश्नापाशी थांबून उपयोग नाही. भाकीत करावयाचे ते एका लांब साखळीचे. पीक आणि त्याचा रानातला सोयरा एकाच मुलखात हवेत. दोघांचा फुलोरा एकाच वेळी यावयास हवा. परागकण वाऱ्याने वा मधमाशीने तेथवर पोचावयास हवेत. बी धरावयास हवे. त्या बीजातून येणारे झाड वांझ नसावे. त्याने जगावे, पुन्हा रानातल्या झाडांशी त्याचा संयोग व्हावा आणि पिढ्यानुपिढ्या ते जनुक रानात मुरावे. यांतील प्रत्येक कडीची शक्यता काढावयाची आणि त्या एकमेकींनी गुणावयाच्या, अशी ही रीत आहे. एखादी कडी अगदीच कच्ची असेल, तर भाकीत सोपे होते. विदर्भात सर्वत्र लावला जाणारा संकरित बीटी कापूस मुख्यतः अमेरिकन जातीचा आहे. त्याच्या पेशीत ५२ गुणसूत्रे, तर आपल्या देशी कपाशीच्या पेशीत २६. या दोहोंचा संकर सहजासहजी होत नाही, आणि झालाच तर संतती बहुधा वांझ निपजते. बीटीचे जनुक देशी कपाशीत पसरेल ही भीती म्हणूनच फारशी साधार नाही, असे खात्रीने म्हणता येते. हाच अमेरिकन कापूस त्याच्या मायदेशी, मेक्सिकोत, रानटी अवस्थेतही वाढतो. तेथील रानकापसात ही जनुके पोचल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पीक एकच, जनुकही एकच. परंतु देश बदलला की उत्तर बदलते.

बाकी ठिकाणी मात्र ही गुणाकाराची रीत फसवी ठरते, आणि ती कशी फसवी ठरते हे समजण्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. शाळेतील संख्याशास्त्र पुरते.

परागकण किती दूर जातात याचा आलेख काढला, तर तो आरंभी झपाट्याने खाली येतो आणि पुढे लांबच लांब, अगदी बारीक शेपटीसारखा रेंगाळत राहतो. लहान वाफ्यावर प्रयोग करणाऱ्याला हे शेपूट दिसतच नाही. त्याच्या वाफ्यातून निघणारे परागकण इतके थोडे असतात की वीस किलोमीटरांवर त्यांतील एखादा नेमका फुलावर पडण्याचा प्रसंग त्याच्या हयातीत येऊ नये. तो प्रामाणिकपणे लिहितो : काहीशे मीटरांपलीकडे आढळ नाही. पण शून्य आढळणे म्हणजे शक्यता शून्य असणे नव्हे. वाफ्याच्या जागी चारशे एकर आले की परागकणांची संख्या अफाट होते, आणि वाफ्यातून जे पिढ्यानुपिढ्या घडले नसते, ते एकाच हंगामात घडून जाते. ओरेगॉनमध्ये निसर्गाने काही चमत्कार केला नाही. लहान प्रमाणावरील अनुभव मोठ्या प्रमाणावर तसाच लागू पडेल असे धरून चालण्याची ती चूक होती, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती अपरिचित नसावी.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. नवे जनुक रानात एकदा शिरले म्हणजे टिकलेच असे नाही. पुष्कळदा ते दैवयोगानेच नाहीसे होते. ज्या झाडात ते आले, ते झाड गुराने खाल्ले, की कथा संपली. जे. बी. एस. हाल्डेन या थोर शास्त्रज्ञाने (१९५७ साली ते भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले) या प्रश्नाचे गणित १९२७ सालीच मांडून ठेवले आहे. एखाद्या जनुकामुळे झाडाला वंशवृद्धीत जेवढा फायदा होतो, त्याच्या साधारण दुप्पट एवढी त्या जनुकाच्या एका प्रतीची टिकून राहण्याची शक्यता असते. समजा, फायदा पाच टक्के आहे. म्हणजे एकदा शिरलेले जनुक टिकण्याची शक्यता दहा टक्के, आणि नाहीसे होण्याची नव्वद टक्के. येथेच थांबणारा मनुष्य ‘धोका अल्प’ असा शेरा मारील. परंतु पीक दरवर्षी पेरले जाते, आणि जनुक दरवर्षी नव्याने दार ठोठावते. अशा पन्नास स्वतंत्र खेपा झाल्या, तर पन्नासही फुकट जाण्याची शक्यता उरते हजारात पाच. धोका आता अल्प राहिलेला नाही, तो जवळजवळ निश्चित झाला आहे. मात्र ज्याने एका खेपेचाच हिशेब केला, त्याच्या कागदावर तो अद्याप अल्पच आहे.

गेलेले जनुक करते काय?

या विषयावर झालेले सर्वांत व्यवस्थित भाकीत म्हणून ब्रिटनमधील एका अभ्यासाकडे बोट दाखविता येईल. तेथे तेलासाठी रेप नावाचे मोहरीवर्गातील पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते, आणि त्याची सगोत्र असलेली रानमोहरी नद्यांच्या काठी व काही शेतांतून तण म्हणून वाढते. माइक विल्किन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांनी टिपलेली चित्रे, नदीकाठांच्या पाहण्या, वनस्पतिसंग्रहांतील जुन्या नोंदी आणि प्रत्यक्ष संकराचे मोजमाप या सर्वांची सांगड घातली आणि २००३ साली साऱ्या देशासाठी आकडा काढला : दरवर्षी नदीकाठच्या रानमोहरीत सुमारे ३२ हजार आणि तण म्हणून वाढणाऱ्या रानमोहरीत सुमारे १७ हजार संकरित झाडे निपजत असावीत. जनुक-परिवर्तित रेपची व्यापारी लागवड ब्रिटनमध्ये झालेली नव्हती. म्हणजे घटना घडण्यापूर्वी केलेले हे खरेखुरे भाकीत होते. त्यामागील कष्ट पाहिले म्हणजे आदर वाटतो. पण हा आकडा संकराच्या केवळ पहिल्या पिढीचा आहे. ३२ हजार झाडे उगवली. पुढे त्यांचे काय होईल, हे त्यात नाही.

कॅनडात हे पीक बहुतांशी जनुक-परिवर्तित रूपातच पेरले जाते. क्विबेक प्रांतातील एका ठिकाणच्या रानमोहरीत तणनाशकाला दाद न देणारी संकरित झाडे २००२ साली २०० पैकी ८५ आढळली होती. २००५ पर्यंत ती संख्या पाचावर आली. आशावाद्यांना येथे आधार मिळतो : निसर्ग आपणच साफसफाई करतो. पण त्याच ठिकाणी तणनाशकाचा दाब नसतानाही ते जनुक रानमोहरीत काही वर्षे तग धरून राहिले, आणि संकराच्या पहिल्या पिढीच्या पुढे जाऊन खऱ्या रानटी झाडात मुरल्याचेही आढळले. २०० पैकी पाच हे शेपूट लहान आहे. परंतु ओरेगॉनमधील नऊ झाडांचा अनुभव ध्यानी घेता शेपटाची उपेक्षा कोणी करू नये.

खरा प्रश्न असा की त्या जनुकामुळे रानातल्या झाडाचा काही लाभ होतो किंवा कसे. येथे भाकिताचे पाऊल जवळजवळ प्रत्येक वेळी अडखळलेले दिसते. सूर्यफूल हे मूळचे उत्तर अमेरिकेचे. तेथे ते रानोमाळ आपोआप वाढते, आणि शेतात तण म्हणूनही त्रास देते. अ‍ॅलिसन स्नो यांनी किडीला मारणारे बीटी जनुक संकराने रानसूर्यफुलात आणून त्याची वाढ तपासली. २००३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष असे : नेब्रास्कात जनुक असलेल्या झाडांना ५५ टक्के अधिक बी धरले, तर कोलोराडोत अवघे १४ टक्के. झाड तेच, जनुक तेच. कोणत्या ठिकाणी कीड किती, यावर सारा फरक. त्याच वर्षी बर्क आणि रीझबर्ग यांनी सूर्यफुलालाच बुरशीपासून वाचविणाऱ्या, गव्हातून घेतलेल्या दुसऱ्या एका जनुकाची परीक्षा केली, तेव्हा बी धरण्यात काहीच लक्षणीय वाढ दिसली नाही. तात्पर्य, ‘जनुक-परिवर्तित सूर्यफूल धोकादायक’ हे विधान आणि ‘ते निर्धोक’ हे विधान, ही दोन्ही सारखीच निरर्थक होत. कोणते जनुक, कोणत्या रानात, कोणत्या किडीच्या वा रोगाच्या सोबतीत, हे सांगितल्याशिवाय त्या विधानांना अर्थच येत नाही.

भाताच्या बाबतीत तर तज्ज्ञांचे गृहीतच उलटले. तणनाशक सहन करण्याचे जनुक, जेथे तणनाशक फवारले जात नाही तेथे, झाडाला निरुपयोगी, किंबहुना ओझेच ठरेल, असे सर्वसाधारणपणे मानले जात असे. शांघायच्या फुदान विद्यापीठातील लू बाओरोंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी भातातील ग्लायफोसेट सहन करणारे जनुक भातशेतीत माजणाऱ्या तणभातात संकराने आणले आणि कसलीही फवारणी न करता झाडे वाढविली. जनुक असलेल्या संकरित झाडांना ते नसलेल्या संकरित झाडांच्या मानाने ४८ ते १२५ टक्के अधिक बी आले. हा प्रयोग कोणी केला नसता, तर ‘फवारणी नाही, म्हणून धोका नाही’ हे वाक्य अजूनही अहवालांतून सुखाने नांदत राहिले असते.

आणि प्रयोग करू दिला जातोच असे नाही. सूर्यफुलाचे निष्कर्ष हाती आल्यावर स्नो यांना पुढील अभ्यास करावयाचा होता. त्यासाठी लागणारे जनुक आणि बियाणे ज्या दोन कंपन्यांच्या मालकीचे होते, त्यांनी ते देण्यास नकार दिला; सूर्यफुलाचे ते वाण बाजारात आणण्याचा बेतच उरलेला नाही, असे कारण सांगितले गेले. व्यापाराच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. ज्या मालाचा सौदा व्हावयाचा नाही, त्याच्या परीक्षेवर खर्च कोण करील? परंतु भाकिताचा कच्चा माल ज्याच्या कुलुपात, त्याचेच भाकिताच्या निष्कर्षात हितसंबंध, अशी ही रचना आहे. मूल्यांकन करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका न घेताही, ती सदोष आहे असे म्हणणे भाग आहे.

चुकीचा खर्च

ओरेगॉनची कथा जेफरसन जिल्ह्यात संपली नाही. राज्याच्या पूर्व सीमेवर मालहूर नावाचा जिल्हा आहे. स्नेक नदीच्या पलीकडे आयडाहो राज्य लागते. त्या बाजूलाही या गवताच्या चाचण्या झाल्या होत्या. २०१० साली मालहूरच्या पाटचाऱ्यांच्या काठाने हे गवत पसरलेले आढळले. पाण्याच्या कडेला जोमाने वाढणारे, जमिनीलगत धुमारे टाकून पसरणारे आणि अतिशय बारीक बी असलेले हे गवत पाटाच्या पाण्याबरोबर पुढे पुढे जाते. पाटचाऱ्या मोकळ्या ठेवण्यासाठी तेथील लोकांचा सर्वांत सोपा व स्वस्त उपाय म्हणजे ग्लायफोसेटची फवारणी. आणि नेमका त्यालाच हे गवत जुमानत नाही. इतर औषधे महाग, शिवाय पाण्याजवळ वापरण्यास सर्वच योग्य नव्हेत. पुढे तर दुसऱ्याच वंशातील एका गवताशी या बेंटग्रासचा निसर्गतः संकर झाल्याचेही संशोधकांनी २०१२ साली नोंदविले.

२०१५ साली कंपनी आणि अमेरिकी कृषिखाते यांच्यात करार झाला. हे गवत बाजारात न आणण्याचे कंपनीने मान्य केले, आणि निर्मूलनाच्या कामी काही वर्षे मदत देण्याचेही. जानेवारी २०१७ मध्ये कृषिखात्याने हे गवत नियंत्रित वनस्पतींच्या यादीतून काढून टाकले. कायद्याला त्या वेळी एवढेच विचारावयाचे होते की ही वनस्पती इतर वनस्पतींना कीड वा रोगाप्रमाणे उपद्रव देणारी आहे काय. त्याचे उत्तर नकारार्थी आले. पाटचारी तुंबते, हा त्या कायद्याचा विषय नव्हता. तेव्हापासून हे गवत, कायद्याच्या दृष्टीने, इतर कोणत्याही गवतासारखेच एक गवत आहे. ते काढण्याचा कायमचा बोजा ज्यांच्या दारी ते उगवते, त्यांच्यावर आहे. हे गवत त्यांनी मागितले नव्हते, पेरले नव्हते, आणि त्यातून एक डॉलरही मिळविला नव्हता.

एकाच्या व्यवहाराचा खर्च त्या व्यवहाराशी संबंध नसलेल्या तिसऱ्यावर पडणे, याचे विवेचन ए. सी. पिगू यांनी १९२० सालीच केले आहे. कारखान्याच्या धुराचा खर्च कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, म्हणून धूर प्रमाणाबाहेर होतो, हे त्यांचे म्हणणे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. जनुकाच्या बाबतीत मात्र एक मोठा फरक आहे. कारखाना बंद केला म्हणजे धूर थांबतो. ओरेगॉनमध्ये शेते मोडली, तरी जनुक थांबले नाही, कारण ते स्वतःची संख्या स्वतःच वाढविते. परत फिरता येणार नाही अशा निर्णयांबद्दल केनेथ अ‍ॅरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ साली दाखवून दिले आहे की निर्णय लांबणीवर टाकण्यालाही स्वतःची किंमत असते. थांबल्याने जे ज्ञान हाती येणार, त्याचा उपयोग करण्याची मुभा थांबणाऱ्यापाशी शिल्लक राहते. घाई करणाऱ्यापाशी ती राहत नाही. कोणत्याही पिकाला कायमचा विरोध करण्यासाठी हा युक्तिवाद वापरता येणार नाही. थांबण्याचाही खर्च असतो, आणि किडीने पीक गेलेल्या शेतकऱ्याला तो सोसावा लागतो. फक्त, दोन्ही बाजूंचे आकडे वहीत यावयास हवेत.

फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत जो भेद केला, तोही येथे कामाचा आहे. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम, आणि तिचा विमा उतरविता येतो. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. परागकण दोन किलोमीटरांच्या आत किती पडतील, ही जोखीम होय. रानात मुरलेले जनुक वीस वर्षांनी कोणत्या पाटात, कोणत्या गवताशी सोयरीक करील, ही अनिश्चितता. अहवालांत या दोहोंना एकच शब्द वापरला जातो, ‘अल्प’, आणि वाचणाऱ्याला वाटते की दोन्ही मोजून झाले आहेत.

भारतापुढील प्रश्न

भारताचा या विषयाशी संबंध दुरान्वयाचा नाही. वांगे हे आपल्या भूभागाचे पीक. त्याचा रानातला पूर्वज मानले जाणारे काटेरी रानवांगे आजही रस्त्याच्या कडेने आणि पडीक जमिनीवर उगवते, आणि त्याचा शेतातल्या वांग्याशी सहज संकर होऊन संतती प्रजननक्षम निपजते. ज्या बीटी वांग्यावरून देशभर वादळ उठले, ते विकसित केले जालन्याच्या महिको कंपनीने. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने त्याला अनुकूल कौल दिला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ज्या सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होते. आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी स्थगिती दिली. त्या सुनावण्यांत घोषणाच अधिक झाल्या, ही गोष्ट खरी आहे. तथापि भारत हे वांग्याच्या वैविध्याचे घर आहे, हा मुद्दा स्थगितीच्या कारणांत होता आणि तो पोकळ नव्हता. शेजारच्या बांगलादेशाने २०१३ साली तेच बीटी वांगे स्वीकारले.

मोहरीचे प्रकरण त्यानंतरचे. डीएमएच-११ या जनुक-परिवर्तित संकरित वाणाच्या पर्यावरणीय प्रसारणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरी देण्यात आली. ब्रिटनमधील ज्या रानमोहरीचा वर उल्लेख आला, तिचा गुणसूत्र-संच आपल्या मोहरीच्या दोन संचांपैकी एक आहे. म्हणजे ही सोयरीक शास्त्राला अपरिचित नाही. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या मंजुरीच्या वैधतेबाबत परस्परविरोधी निर्णय दिले. मात्र केंद्राने जनुक-परिवर्तित पिकांविषयी राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचे एकमत झाले.

हे धोरण आखणाऱ्यांनी परागकणांइतकेच बियाण्याच्या पिशव्यांकडेही लक्ष द्यावयास हवे. आपल्या देशात जनुकांचे मोठे स्थलांतर वाऱ्याने झालेले नाही. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि तत्पूर्वीच, २००१ साली, गुजरातेत हजारो एकरांवर तो उभा असल्याचे उघडकीस आले होते. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला मान्यता नसताना जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरला. त्यांचे म्हणणे चूक की बरोबर, हा भाग वेगळा. परंतु ज्या देशात बियाणे परवान्याची वाट पाहत नाही, तेथे ‘अमुक जिल्ह्यांतच लागवड होईल’ या गृहीतावर उभारलेले भाकीत पहिल्याच पावसात वाहून जाईल.

नुकसानभरपाईचा विषय जागतिक पातळीवर अगदीच दुर्लक्षित आहे असे नाही. नागोया-क्वालालंपूर पूरक करार २०१० साली झाला आणि ५ मार्च २०१८ पासून अमलात आला; भारत त्यात सामील आहे. जैवविविधतेची हानी झाल्यास ती भरून काढण्याची जबाबदारी संबंधित चालकावर टाकण्याची त्यात तरतूद आहे. परंतु त्यासाठी आगाऊ अनामत वा विमा घ्यावा किंवा कसे, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोपविले आहे. भारताने अशी अनामत मागितली, तर एक गोष्ट आपोआप घडेल. धोका खरोखरच अल्प असेल, तर विमा कंपनी अल्प हप्त्यात हमी देईल. ती देण्यास कचरू लागली, तर अहवालातील ‘अल्प’ या शब्दाची किंमत बाजारच सांगेल. अनामतीची मुदत मात्र पाच-दहा वर्षांची असून भागणार नाही. गवताचे बी जमिनीत किती वर्षे जिवंत राहते, यावर ती ठरावी.

याच्याही आधी मोजणी हवी, आणि तिच्यासाठी एकही जनुक-परिवर्तित रोप लावण्याची आवश्यकता नाही. ब्रिटनमधील अभ्यासाला नदीकाठांच्या नोंदी उपलब्ध होत्या, म्हणून तो आकड्यापर्यंत पोचला. रानवांगे कोणत्या तालुक्यात, वांग्याच्या मळ्यापासून किती अंतरावर उगवते, दोघांचा फुलोरा किती आठवडे सोबत चालतो, दोघांवर बसणाऱ्या माश्या त्याच आहेत काय, आणि फळे व शेंडे पोखरणारी अळी रानवांग्याच्या वाढीला कितपत आवर घालते, या प्रश्नांची उत्तरे दोन-तीन हंगामांत साध्या निरीक्षणाने मिळू शकतात. कृषी विद्यापीठे आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग हे काम करू शकतात. त्याला लागणारा खर्च एका वाणाच्या चाचण्यांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. त्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अळी रानवांग्याला फारशी शिवत नसेल, तर बीटी जनुकाने त्याचे काही भले होणार नाही, आणि कोलोराडोतील सूर्यफुलापेक्षाही फरक कमी राहील. अळीच त्याला आवरून धरीत असेल, तर नेब्रास्काचा आकडा समोर ठेवून बोलावे लागेल.